खाचेतला हातमोजा

सुनिवा आणि तोरगेइर यांची ओळख एका चुकीतून झाली, आणि चूक सर्वस्वी सुनिवाची होती.

स्कारवान धरणाच्या पायथ्याशी, दगडी भरावातून झिरपलेलं पाणी एका लहान हौदात येतं आणि पोलादी पत्र्यातल्या त्रिकोणी खाचेतून खाली पडतं. खाचेमागे पाणी जितकं चढलेलं, तितकी गळती जास्त. असं धरण थोडंफार गळायचंच. गळती वाढली की मात्र पळापळ होते. ऑफिसातून पहिल्यांदाच मोजणीला आलेली सुनिवा वाकली, तिने पट्टीवरचा आकडा पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. हौदातलं पाणी डोळ्यांदेखत चढत होतं!

"जरा बाजूला हो," मागून आवाज आला. धरणाचा राखणदार शांतपणे पुढे आला, त्याने खाचेत हात घातला आणि अडकलेला लाल लोकरी हातमोजा बाहेर काढला. पाणी झरझर उतरलं.

"तुझाच ना?"

तिने आपला उघडा हात पाहिला... "हो."

"या धरणाला इतक्या झटपट आजवर कुणी गळती लावली नव्हती."

"एकदाचं हसून घे!"

"हसतोच आहे," तोरगेइर म्हणाला. चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं.

हातमोजा त्याच्या खोलीतल्या शेगडीपाशी वाळत पडला आणि ती तो तिथेच विसरली. पुढे उन्हाळाभर ती दर महिन्याला यायची, मोजणी करायची, त्याने केलेलं वॉफल तपकिरी चीज लावून खायची आणि हातमोजा न चुकता विसरायची.

"वॉफल कसं झालंय?" तो विचारायचा.

"वाईट नाही."

त्या डोंगरात याहून मोठी स्तुती करायची पद्धत नाही.

शरदात ती आली ती स्वयंचलित यंत्र घेऊन. "आता आकडा आपोआप ऑफिसात येईल," ती म्हणाली.

"म्हणजे तू येणार नाहीस."

"गळती वाढली तर येईन की!"

बोलली आणि तिला स्वतःचाच राग आला. 'येत जा' म्हण ना, असं तिला फार वाटत होतं. त्याने यंत्राचे स्क्रू तेवढे घट्ट केले.

मग ऑफिसातल्या पडद्यावर रोज तीच सरळ रेघ. उत्तम धरण! सुनिवाला त्या रेघेचा वीट आला. चांगल्या धरणाला गळती लागावी असं मनात येतंय, याची तिला लाजही वाटली.

आणि एका सकाळी फोन वाजला.

"तोरगेइर बोलतोय. धरण ठीक आहे."

"मग फोन कशाला केलास?"

"थोड्या वेळाने आकडा वाढेल. घाबरू नकोस. मी खाचेत तुझा हातमोजा घालणार आहे."

"काय? का?"

"यंत्र तपासायला... नाही, ते खोटं झालं. गळती वाढली तर येईन म्हणालीस. धरणाला भोक पाडणं मला जमणार नाही, आणि न सांगता खोटा आकडा पाठवणंही जमणार नाही. म्हणून — आधी कळवतोय."

रेघ उसळली. पलीकडच्या टेबलावरचे साहेब, ओडवार, ताडकन उठले. "स्कारवानला काय झालं?"

"हातमोजा अडकलाय," सुनिवा कोट चढवत म्हणाली. "धरणाला काही झालेलं नाही."

"कुणाचा हातमोजा?"

"माझा. आणायला जाते."

ओडवार पडद्याकडे बघत राहिले. रेघ हळूच पूर्ववत झाली.

ती पोचली तेव्हा तोरगेइर दारातच उभा होता, ओला हातमोजा हातात घेऊन.

"अजून वाळला नाही," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते. "वाळेपर्यंत थांबावं लागेल."

"किती वेळ?"

"या हवेत... हिवाळा जाईल."

सुनिवाने दुसरा हातमोजाही काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"वाईट नाही," ती म्हणाली.