इद्रिसभाई शून्यावर येतात

आकडा शून्यावर आला तेव्हा डॉ. सफिया मनियारने अख्ख्या प्रयोगशाळेला पेढे वाटले. आता काय बोलायचं!

तिचा अहंमापक मेंदूत ‘मी’ आणि ‘माझं’ किती उसळतंय ते मोजायचा. तुमचा-आमचा आकडा साठ-सत्तर. तिचा थोरला भाऊ इद्रिस शाळेत गणित शिकवायचा. त्याला व्हायचं होतं इन्सान-ए-कामिल, म्हणजे सूफींचा परिपूर्ण माणूस. खुलताबादच्या खानकाहमध्ये, म्हणजे सूफी मठात, सोळा वर्षं जिक्र, म्हणजे अल्लाचं नामस्मरण, करूनही गडी एकेचाळीसवरच अडलेला. “सफू, तुझं यंत्र नुसतं मोजतं कशाला? उतरव की!” असं तोच म्हणाला, लेखी दिलं, आणि तिने स्वशामक लहरी सोडल्या.

शून्यावर आल्यानंतर आठव्या दिवशी त्याची मुलगी तापाने फणफणली. इद्रिस शेजारच्याच चटईवर बसून होता. त्याची बायको जैबुन्निसा त्याला गदागदा हलवत ओरडली, “अहो, आपली मुलगी आहे!” तो गोड हसला. शेजाऱ्यांनी पोरीला दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली.

“मला माझा नवरा परत दे,” भाभी सफियाला म्हणाली.

सफियाने खानकाहमधल्या इद्रिसच्या गुरूंना, पीरसाहेबांना गाठलं. ते भडकलेच. “बेटी, फना म्हणजे ‘मी’ विरघळणं. ती अर्धी वाट! पुढे बका. माणूस घरी परततो, लेकराचं नाक पुसतो, बाजारहाट करतो, फक्त त्यात स्वतःचा हव्यास नसतो. मला विचारायचंस तरी!”

“आकडा बघून हुरळले मी,” सफिया म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

उलट लहरी तयार होत्या. पण यंत्राची किल्ली नीतिसमितीकडे, आणि ज्याचा मेंदू त्याची इच्छा हवी, हा नियम सफियानेच भांडून घालून घेतलेला.

“परत यायचंय?” अध्यक्षबाईंनी इद्रिसला विचारलं.

“हो.”

भाभी रडायलाच लागली.

“असंच राहायचंय?”

“हो.”

“उद्या तुमचा मेंदू काढून घेतला तर?”

“हो,” इद्रिस तितक्याच गोडपणे म्हणाला.

समितीने निर्णय दिला: या माणसाला इच्छाच उरलेली नाही. अशा वेळी त्याची शेवटची लेखी इच्छा पाळावी. ती शून्यावर जाण्याची होती.

सफियाने कागद वाचून दाखवला. “भाभी, मला माफ कर.”

“मला कशाला विचारतेस? त्यांना विचार,” जैबुन्निसा म्हणाली. “ते लगेच माफ करतील.”