सोड म्हणेपर्यंत

जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात बूट घालून मॅटवर येणाऱ्याला ताई कधी माफ करत नसे. त्या मंगळवारी मात्र जो माणूस ओली छत्री सावरत, धापा टाकत थेट मॅटच्या मधोमध येऊन उभा राहिला, त्याने तिचं "बूट—" ऐकताच इतक्या घाईने बूट उपसले की तोल जाऊन तो तिथेच बसला. एका पायात काळा मोजा होता, दुसऱ्यात तपकिरी.

सगळा वर्ग खिदळला. ताईने ओठ घट्ट मिटले, पण डोळ्यांनी दगा दिलाच.

"अंधारात घातलेत का?" तिने विचारलं.

"घाईत." तो चष्मा सावरत म्हणाला. "आणि माझं चष्म्याचं दुकान आहे... तेवढं बाहेर कुणाला सांगू नका."

तो भिंगरीचा मामा होता. भिंगरी म्हणजे वर्गातली ती मुलगी, जी रांगेत उभी असतानाही स्वतःभोवती गिरक्या घेत असे. तिची आई नर्स. तिची ड्यूटी संध्याकाळची झाली आणि भाचीला आणायचं-पोचवायचं काम मामाच्या गळ्यात पडलं. 'गळ्यात पडलं' हे त्याचे पहिल्या दिवशीचे शब्द. पुढे तो वर्ग सुरू व्हायच्या बराच आधी येऊन बाकावर बसू लागला, तेव्हा ते त्याला आठवतही नव्हते.

वर्गाची रीत साधी होती. मनगटाला कापडी पट्टी बांधायची, आणि जसजसं अंग शिकेल तसतसा रंग बदलायचा. पांढऱ्या पट्टीत कोलांटी आणि न लागता पडणं. पिवळीत हातांवर चाकासारखं फिरायचं कार्टव्हील आणि बीमच्या अरुंद फळीवरून एकटीने चालणं. हिरवी पट्टी हवी असेल तर उभ्या-उभ्या मागे वाकून कमान टाकायची आणि तशीच उठायची, कुणाच्या आधाराशिवाय. शिकताना पाठीखाली ताईचा हात असे, आणि त्या हाताचा एक नियम होता. मूल "सोड" म्हणेपर्यंत ताईने हात काढायचा नाही. वर्गातलं शेंबडं पोरही तिला हुकूम सोडल्यासारखं "सोड" म्हणत असे, आणि ती निमूटपणे ऐकत असे.

एकदा मामाने बाकावरून विचारलं, "मोठ्या माणसाने काय म्हणायचं? सोडा?"

"सोडा बाटलीत मिळतो," ताई म्हणाली. "इथे सगळ्यांनी सोडच म्हणायचं."

तो हसला. चांगला हसायचा मेला, हे ताईच्या नको तितकं लक्षात राहिलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. तिला सगळे ताई म्हणत. मुलं म्हणत, मुलांच्या आया म्हणत, टक्कल पडलेले बाबासुद्धा "ताई, आज जरा उशीर झाला हं" म्हणत. हा एकटा म्हणत नव्हता. "अं... ऐकता का," म्हणे. "जरा इकडे..." म्हणे. वाक्यं अशी वळणावळणाने नेई की तो शब्द कुठे आडवा येऊ नये. ताईला याची गंमत वाटे, आणि घरी जाताना उगाचच हसू येई.

गंमत चालली होती, पण भिंगरी पिवळ्या पट्टीतच अडकली होती.

तिच्याबरोबरच्या मुली एकेक करून हिरव्या झाल्या. भिंगरीची कमान त्या सगळ्यांपेक्षा सुरेख. पण ऐन वेळी ती "सोड" म्हणत नसे. मागे वाके, हात टेके, उठे, आणि ताईचा हात पाठीखाली तसाच. ताईच्या तळव्याला सगळं कळत होतं. त्यावर आता भिंगरीचा भार पडतच नव्हता. खरं तर अशा वेळी ताई मुलीच्या कानात हळूच सांगे, "बघ, तू एकटीच उठते आहेस." भिंगरीला तिने ते सांगितलं नाही. "घाई नाही हं," एवढंच म्हणाली.

घाई कशी असेल? हिरव्या पट्टीचा वर्ग सकाळी भरे, आणि तो दुसरे एक म्हातारे सर घेत. सकाळी भिंगरीची आई मोकळी होती. मामाला तेव्हा दुकान उघडावं लागे. म्हणजे पट्टीचा रंग बदलला की बाक रिकामा.

हे ताई स्वतःशी सरळ शब्दांत कधी बोलली नव्हती. मग एका शुक्रवारी पाणी प्यायच्या सुट्टीत तिने भिंगरीला पाहिलं. गिरक्या थांबल्या होत्या. पोर भिंतीला टेकून आपली पिवळी पट्टी नखाने खरवडत होती. ताई तिच्याशेजारी जाऊन बसली आणि विचारलं, भीती वाटते का?

"छे." भिंगरीने मान उडवली. "मामा म्हणाला, पिवळा रंग तुला छान दिसतो, राहा की आणखी थोडे दिवस."

"असं म्हणाला?"

"हो. आणि तो तुला ताई म्हणत नाही, माहितेय? आईने विचारलं तर म्हणाला, एकदा ताई म्हटलं की संपलंच सगळं." भिंगरी विचारात पडली. "काय संपतं गं?"

ताईचा चेहरा तापला. आधी आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण त्याच्या पाठोपाठ राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. दोन मोठी माणसं एका पोरीला मध्ये धरून बसली होती.

"भिंगरे," ती म्हणाली, "माझ्या हाताला कधीचं कळलंय, तू एकटी उठतेस. मी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं. आज म्हणशील?"

भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, मग बाकाकडे, आणि पळत मॅटवर गेली. हात वर झाले, पाठ वाकली.

"सोड," ती खणखणीत म्हणाली.

ताईने हात काढला. भिंगरीची बोटं मॅटला टेकली, कमान क्षणभर थरथरली, आणि पोर उठून उभी राहिली. मग तिने इतक्या गिरक्या घेतल्या की हिरवी पट्टी बांधायला तिला धरून ठेवावं लागलं. मामाने टाळ्या वाजवल्या. त्याचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

मुलं पांगल्यावर ताईने त्याला गाठलं. स्वतःच्या सोयीसाठी भाचीला अडकवून ठेवलंत, शोभतं का, असं बरंच सुनावलं. त्याने सगळं मान खाली घालून ऐकलं.

"चुकलं. तिची माफी मागतो, तिच्या आईसमोर." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "पण... तुमच्या हाताला तर आधीच कळलं असेल ना?"

पन्नास पोरांना एका शिट्टीत गप्प करणारी बाई शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"कळलं होतं," ती शेवटी म्हणाली.

पत्र्यावर पावसाची भुरभुर चालू होती. मग त्याने घसा खाकरला आणि विचारलं, मोठ्यांसाठी पांढरी पट्टी असते का?

होती; मोठ्यांचा वर्ग रविवारी भरे. तो आला. दोन्ही मोजे काळे होते, आणि ते त्याने आधी दाखवले. पडायला तो लगेच शिकला, त्यात त्याचा हातखंडा होताच. पण पिवळी-बिवळी ओलांडून त्याला थेट कमानच हवी होती. नियमात बसत नाही, म्हणत म्हणत ताईने त्याच्या पाठीखाली हात घातला. तो मागे वाकला. चष्मा कपाळावर सरकला, चेहरा लालबुंद झाला, आणि सगळा भार तिच्या तळव्यावर आला.

"एक विचारायचं होतं," तो तसाच, उलट्या चेहऱ्याने म्हणाला.

"असं लटकून?"

"सरळ उभं राहून जमलं नाही इतके दिवस. ताई म्हणायचं नाहीये मला. नावाने हाक मारली तर...?"

ताईने हात तसाच ठेवला.

"मार," ती म्हणाली. "आता पडशील हं. नियम आठवतोय ना? काय म्हणायचं?"

त्याने तिचं नाव घेतलं. पहिल्यांदाच, अडखळत, पण नीट. तिच्याकडे उलटं बघत तो म्हणाला, "सोडू नकोस."

ताईने दुसरा हातही त्याच्या पाठीखाली घातला.