बिनफुलाची ओळख

लहानग्या लेकीला, कुहूला रिकाम्या टबात बसवलं आणि पुढ्यात कुंड्यांत भरायचे पाइनच्या सालीचे तुकडे ओतले, की हर्षदाला थोडा वेळ स्वतःचा मिळायचा. पाचगणीतल्या तिच्या घरामागे एक काचघर होतं आणि त्यात मोजडी-ऑर्किड. फुलाची खालची पाकळी मोजडीच्या टोकासारखी फुगीर, म्हणून हे नाव. पण फूल नसेल तर सगळी रोपं सारखीच दिसायची: पट्ट्यांसारखी हिरवी पानं, एकमेकांच्या कुशीत शिरलेली. पूर्वी जात कळायला फुलाची वाट बघावी लागे, कधीकधी वर्षानुवर्षं. आता पर्णवाचक आला होता. पेनाएवढं यंत्र. पानात सुई टोचायची, ती थेंबभर रस ओढणार, त्यातली जनुकं वाचून पडद्यावर नाव हजर.

त्या सकाळी तिनं टवका उडालेल्या कुंडीतल्या रोपाला सुई लावली. नावाच्याही आधी तांबडी अक्षरं उमटली: जंगलातून नाहीशी झालेली जात.

"कुहुडे, बघ गं! संपली म्हणतात ती बाई आपल्या घरात बसलीय!"

कुहूनं सालीचा तुकडा तोंडात घातला. तो काढता काढता, आनंदाच्या भरात, हर्षदानं यंत्रावरचं 'जाहीर करा' दाबून टाकलं; रोपाची नोंद, पत्ता आणि मूळ मालकाच्या नावासकट, जगभर गेली. मग पेस्तनकाकांना फोन लावला. रोप मुळात त्यांचंच. दुर्मीळ रोप एकाच छपराखाली ठेवायचं नाही, त्याचा एक फुटवा दुसऱ्याच्या घरी ठेव म्हणून द्यायचा, ही ऑर्किडवाल्यांची जुनी रीत.

"जाहीर केलं?" पारशी म्हातारा कडाडला. "दिकरी, डोकं काय पोरीच्या दुधात कालवून पाजलंस? फूल नव्हतं तोवर ते गवत होतं. गवत कोण चोरतं?"

आठवडाही उलटला नाही. दुपारी काचघराचं दार उघडलं आणि पेस्तनकाका आत आले. आले कसले, ढकलले गेले. नाकातून रक्त, चष्म्याला एकच काच. मागून दोन माणसं. टोपीवाल्याच्या हातात पर्णवाचक होता. दुसऱ्यानं, त्या दांडग्यानं, काकांच्या कमरेत लाथ घातली आणि टबातल्या कुहूला उचललं.

"माझं मी पायाखाली चिरडलं," फरशीवरून काका रक्त गिळत म्हणाले. "यांच्या डोळ्यांसमोर. आता तुझं ते एकच उरलं."

"कुठलंय?" टोपीवाल्यानं विचारलं.

हर्षदा कुंड्यांच्या आडवी आली.

"नको सांगू. हे सांगेल." त्यानं कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिथं जाळीखाली वेगळी काढलेली, विषाणूचे डाग पडलेली रोपं होती. त्यांत सुई खुपसून तो तीच सुई घेऊन पुढच्या कुंडीकडे निघाला.

"सुई जाळा!" हर्षदा किंचाळली. "जाळल्याशिवाय दुसऱ्या पानाला लावू नका. रसातून रोग जातो, सगळी मरतील!"

टोपीवाला हसला. "पोर आमच्या हातात, आणि बाईला काळजी झाडांची."

ते तिला सुरीसारखं लागलं, कारण खोटं नव्हतं.

कुहू रडायला लागली. दांडग्यानं तिला हिसडा दिला, तिचं कपाळ लोखंडी मांडणीवर आपटलं. भुवईवरून रक्ताची धार लागली.

"देते!" हर्षदा म्हणाली. "ती टवका उडालेली कुंडी. पोरीला खाली ठेवा."

"आधी खात्री."

"मग सुई जाळू द्या. दोन झाडांचे रस मिसळले तर यंत्र भलतंच नाव सांगेल."

हे त्याला पटलं. त्यानं यंत्रासकट हात पुढे केला. तिनं कात्रीची पाती जाळून निर्जंतुक करायची छोटी, हातात धरायची गॅसबत्ती पेटवली. निळी ज्योत सुईवर धरली, सुई लाल झाली आणि मग ज्योत तिनं त्याच्या मनगटावर नेली.

तो ओरडला, मागे सरकला, ओल्या फरशीवर घसरून पडला. त्याच क्षणी काकांनी छाटणीची कात्री दांडग्याच्या पोटरीत मुठीपर्यंत घुसवली. त्याच्या हातून सुटलेली कुहू सालीच्या पोत्यावर पडली. हर्षदाच्या हाताला जी कुंडी लागली ती तिनं त्याच्या तोंडावर फेकली. ती तीच कुंडी होती. दात आणि खापऱ्या एकत्र सांडल्या. तो तोंड धरून, लंगडत पळाला.

टोपीवाल्याचा हात तिनं गुडघ्याखाली दाबला.

"ताई, सोडा. ताई, पाया पडतो, जातो मी!"

ज्योत हलली नाही. कातडी काळी पडली, फुटली. काचघरात मांस करपल्याचा वास भरला. "हर्षदा! बस झालं!" काका ओरडत होते. तिनं ऐकलं होतं. तरी बत्तीच्या डबीतला गॅस संपला तेव्हाच ज्योत विझली.

तो माणूस नुसता कण्हत होता. काकांनी कुहूला मांडीवर घेतलं होतं, तिच्या कपाळावर आपला रुमाल दाबला होता. खापऱ्यांमध्ये मोडलेली पानं पसरली होती.

"एक फुटवा धड आहे," काका हलकेच म्हणाले. "मूळसुद्धा आहे. जगेल."

हर्षदानं तिकडे पाहिलं नाही. गुडघ्यांवरच सरकत ती लेकीजवळ गेली, दोन्ही हात पसरले.

"ये गं माझ्या सोन्या. संपलं सगळं. ये आईकडे."

कुहू तिच्या तोंडाकडे बघत राहिली, बराच वेळ, नव्या माणसाकडे बघावं तशी. मग काकांचा सदरा घट्ट पकडून तिनं त्यांनाच विचारलं,

"आई कुठंय?"