आरशावरचा अंगठा

चष्मेवाल्याला पुसायची खोड होती. समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढायचा, फडक्याने पुसायचा आणि परत नाकावर ठेवून द्यायचा. दुकानात ठीक आहे हो, पण बाप गेला त्या दिवशीही हा दिवटा कोपऱ्यात बसून बापाचा चष्माच पुसत होता. डोळ्यांत टिपूस नाही. म्हातारीने, त्याच्या आईने, ते वर्षभर मनात धरलं होतं.

आणि आज त्याच लेकाच्या सोबतीने डोंगर चढायची वेळ आली होती. तिच्या नवऱ्याने चौदा महिने हाताने काच घासून दुर्बिणीचा आरसा केला होता. वर चकचकीत मुलामा चढवून तो घरी आला त्या संध्याकाळी कौतुकाने उचलताना त्यांचा अंगठा मधोमध उमटला. "उद्या धुतो," म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. आकाश न पाहिलेला तो आरसा तिने ठशासकट पत्र्याच्या डब्यात, कापसात जपला होता. माथ्यावर तारे पाहणाऱ्या हौशी मंडळींचा मेळावा होता. तिथे या आरशाला एकदा तारा दाखवायचाच, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"आई, आभाळ बघ जरा. काळंकुट्ट झालंय," पाठीवरचं दुर्बिणीचं नळकांडं सावरत चष्मेवाला म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर आहे तेवढंच माझ्या डोक्यावर आहे. चाल."

दरड कोसळून रस्ता बुजला होता, म्हणून गाडी निम्म्यातच सोडावी लागली. पुढे नुसती पाऊलवाट, तीही शेवाळलेली. धुकं एवढं दाट की आपलाच हात परक्याचा वाटावा. झाडांच्या मुळ्या धरत, धापा टाकत दोघं ओढ्याशी आली. पाणी गढूळ, कमरेएवढं आणि जोराचं.

"डबा दे इकडे."

"तुझ्या हातात? पुसून ठेवशील."

"आई, डबा दे."

तिने दिला. तो पाण्यात उतरला, मागोमाग ती. चार पावलं गेला. पाय घसरला! माणूस पाण्याखाली आणि दोन्ही हात वर, हातांत डबा. म्हातारीने नळकांड्याचा पट्टा पकडला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं. दोघं पलीकडच्या काठावर आली तेव्हा त्याचा गुडघा फुटला होता. उडालेल्या पाण्याने डबा गार पडला होता, पण आत पाणी शिरलं नव्हतं.

माथ्यावर ताडपत्रीखाली वीसेक माणसं कुडकुडत बसली होती. मेळाव्याच्या प्रमुख, भूगोलाच्या निवृत्त बाई, बघतच राहिल्या. "काकू, एवढ्या ढगांत आलात?"

"ढगांना आमंत्रण होतं, मग मला नव्हतं का?"

अंधार पडला. तासामागून तास गेले. आभाळ हटेना. मग बाई एकदम ओरडल्या, "फट पडली! तारा!"

आरसा नळकांड्यात बसवायला चष्मेवाल्याने डबा उघडला. गार आरशावर क्षणात दव धरलं. सगळा पांढरा!

"आपोआप सुकायला वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "पुसलात तर लगेच दिसेल."

म्हातारीने वर पाहिलं. एकच तारा. ठसा तिला हवा होता. तारा मात्र तिच्या नवऱ्याला हवा होता.

"पूस," ती म्हणाली.

सवयीने फडकं निघालंच होतं. आरशापासून बोटभर अंतरावर हात थांबला.

"नाही पुसणार."

"अरे, फट मिटतेय!" म्हातारी ओरडली.

त्याने फडकं भिरकावलं. डब्याचं झाकण घेतलं आणि वारा घालू लागला. जीव तोडून! दव कडेकडेने हटू लागलं. वर ढग कडेकडेने फटीत सरकू लागले. इकडे आरसा लख्ख झाला, तिकडे तारा गेला.

आरशात काळं आभाळ होतं, आणि मधोमध अंगठा, रेघ न् रेघ शाबूत.

"बाबांचा आहे गं," तो म्हणाला आणि खाली बसला. वर्षभराचं रडू एकदम आलं.

म्हातारीने डबा बंद केला. मग त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वर्षभर तुला दगड समजत होते. चुकलं माझं. पुसणारे पुष्कळ असतात रे, हात आवरणारा एखादाच. त्यांच्यावर गेलायस. आता नाक तेवढं पूस."