थर्मासभर गरम पाणी

सान्वी, तू आणि तुझ्या मैत्रिणी ख्रिसमसला व्हॅन भाड्याने घेऊन वर स्कॉटलंडला निघाल्या आहात. जा. मी मावशी, आई नाही, मी कोण अडवणार? पण आधी जोसेफ चेऊलकरचं काय झालं ते ऐकून जा. ही उडत आलेली गोष्ट नाही. त्या रात्री फोन आमच्या उशाशी वाजला होता.

जोसेफ वॉटफर्डच्या बस डेपोत ड्रायव्हर होता, आणि आमचे हे तिथेच मेकॅनिक. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात आपल्यासारखीच मराठी, फक्त देव एक. इकडे यायच्या आधी मुंबईत टॅक्सी चालवायचा. रिटायर झाल्यावर त्याने जुनी कॅम्पर व्हॅन घेतली, आत झोपायची सोय आणि गॅसची शेगडी असलेली. तिचा रेडिएटर थोडा गळायचा. जोसेफ उन्हाळाभर त्यात नळाचं पाणी ओतत राहिला. ह्यांनी दहादा सांगितलं, अँटीफ्रीझ घाल, ते गोठत नाही. तर म्हणे, टॅक्सीत वीस वर्षं नळाचंच पाणी घातलं, टॅक्सीने कधी तक्रार केली नाही. हे म्हणाले, "डिसेंबरात इथे नळाच्या पाण्याला बर्फ म्हणतात." तो हसला. सगळे पुरुष असेच हसतात.

२०२२ सालचा पंधरा डिसेंबर, गुरुवार. टालिया, त्याची मुलगी, वर उत्तरेत हेक्समला राहते. तिला मुलगा झाला होता, शुक्रवारी त्याची सुंता. म्हणून जोसेफ आणि त्याची बायको एस्थर सकाळी व्हॅन घेऊन निघाले. एस्थर न्यूमोनियातून उठून पाच आठवडे झाले होते. डॉक्टरने बजावलं होतं, हिला गारठा लागू देऊ नका, पुन्हा छाती भरली तर ही वाचायची नाही. तरी ती निघाली. पहिला नातू, कोण थांबतं?

डरहॅमच्या पुढे त्यांनी डोंगरावरचा रस्ता धरला. पाच वाजता बर्फ सुरू झालं. पुढचा रस्ता पोलिसांनी बंद केला. मागचाही भरत आला. जोसेफने कडेच्या ले-बायमध्ये, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेत, गाडी लावली. तिथे दुसरी गाडी नव्हती, हे त्याने नीट पाहिलं होतं. डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं, गॅसचा हीटर लावला. दोघांनी चपात्या खाल्ल्या आणि झोपले.

एक वाजून वीस मिनिटांनी त्याला जाग आली. हीटर विझला होता. बाटलीतला गॅस थंडीत वर येईना. काचांना आतून बर्फ धरलं होतं. त्याने इंजिन चालू केलं तर पट्टा किंचाळला, दोन मिनिटांत तापमानाचा काटा लाल खुणेवर, आणि गाडीच्या हीटरची हवा मात्र गारच.

तू म्हणशील, इंजिन फ्रोझन आहे तर ओव्हरहीट कसं होईल, मेक्स नो सेन्स. अगं, पाणी गोठलं की फिरत नाही. फिरलं नाही की इंजिन आतल्या आत जळतं आणि माणसं बाहेर काकडतात. काही नवरे असतात तसे.

तेव्हा त्याने ह्यांना फोन लावला. हे अंथरुणातूनच ओरडले, आधी बंद कर, नाहीतर इंजिन कायमचं जाईल. मग समजावलं. पाणी तापव, फडकी भिजवून रेडिएटरवर आणि खालच्या पाइपवर गुंडाळ, थंड झाली की पुन्हा भिजव. उकळतं ओतू नको, तडकेल. पाइपातलं बर्फ सुटलं की गाडीचा हीटर चालेल. ब्रेकडाउनवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, रस्ता उघडेल सकाळी सहाला, गाडीतून उतरू नका.

बाजूचं सरकतं दार गोठून घट्ट बसलं होतं, लाथेनेही हलेना. ड्रायव्हरचं तेवढं उघडत होतं. शेगडीवर गॅसची ज्योत उरली होती करंगळीएवढी. तिच्यावर अर्ध्या तासात एक किटली तापली आणि ज्योत गेली. अर्धं पाणी रबरी पिशवीत भरून एस्थरच्या छातीशी दिलं. अर्धं थर्मासमध्ये, पाइपसाठी. त्याने कोटाची बटणं लावली, फडकी घेतली.

तेव्हा दारावर टकटक झाली.

दोन वाजून दहा मिनिटं.

जोसेफने ड्रायव्हरची काच थोडी खाली केली. बाहेर म्हातारा गोरा माणूस. हातात रिकामी किटली. "सॉरी टू ट्रबल यू," म्हणाला. रेडिएटर गोठलाय, बायको गाडीत आहे, जरा गरम पाणी मिळेल का. मागे खरंच एक बुटकी मोटार उभी होती. पुढच्या सीटवर बाई. सरळ बसलेली, हातात लोकरीचे हातमोजे.

जोसेफने थर्मास छातीशी धरला. थर्मास एकच होता.

एस्थर आतून म्हणाली, "द्या त्याला. दारात आलेल्याला परत पाठवू नका. एलियाहू हन्नाबी कुठल्या रूपात येईल, सांगता येतं का?"

त्यांच्यात हे पक्कं असतं. त्यांचा पैगंबर भिकाऱ्याच्या, वाटसरूच्या रूपात येतो, आणि जोसेफच्या आईने आयुष्यात कुणाला दारातून रिकामं पाठवलं नव्हतं. मी असते तर म्हटलं असतं, पैगंबराला सांगा, आधी पाइप. पण जोसेफने काच पूर्ण खाली केली आणि सगळा थर्मास ओतला.

किटलीत पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

म्हातारा थँक यू म्हणून गेला. जोसेफ वाट बघत राहिला. त्या गाडीचं बॉनेट काही उघडलं नाही.

तीन वाजता पुन्हा टकटक. जोसेफ आतूनच म्हणाला, पाणी संपलं.

बाहेरून आवाज आला. शांत. तिच्या छातीशी आहे ना.

जोसेफने खिडकीकडे पाहिलं. वर केलेल्या काचेवर पुन्हा बर्फाचा थर धरला होता. आतलं काही दिसणं शक्य नव्हतं.

एस्थरने पिशवी काढून पुढे केली. "द्या."

"नाही," जोसेफ म्हणाला. "ही देणार नाही. कोणी का असेना."

जोसेफने कान दिला. पावलं वाजली नाहीत. म्हणजे तो गेला नव्हता.

मग एस्थरचं कापणं थांबलं. जोसेफला वाटलं, बरं झालं. बरं नव्हतं, सान्वी. थंडीने कापणारा माणूस कापायचा थांबला की देवाचं नाव घ्यावं. तिने शाल काढून टाकली. म्हणाली, उकडतंय.

पावणेचारला आवाज पुन्हा आला. अगदी दाराला तोंड लावून. माझी बायको एकटी आहे. तुमच्या बायकोला तिच्याजवळ जरा बसू द्या. दोघींना ऊब येईल.

आणि ते दार... गोठलेलं, लाथेने न हललेलं दार... सरकलं. तेल घातल्यासारखं.

चार बोटांची फट.

जोसेफने हँडल धरलं. डाव्या हाताने, सगळं अंग मागे टाकून. पलीकडून ओढ होती. जोराची नाही. सारखी.

एस्थर उठली. "सोडा हो. ती बोलावतेय. मी बसून येते."

त्याने उजव्या हाताने तिचं उजवं मनगट पकडलं. तिने डावा हात फटीतून बाहेर घातला. कोपरापर्यंत. तो हात आत ओढायला जोसेफकडे तिसरा हात नव्हता.

मनगट सोडलं तर ती जाईल. हँडल सोडलं तर...

तो बोलत राहिला. नातवाचं नाव काय ठेवायचं, सांग. सांग ना. ती ओठ हलवायची. त्याच्याशी नाही. फटीशी.

चार. साडेचार.

फटीतून बर्फ आत येत होतं. पाच. बोटं हँडलला चिकटली.

साडेपाच. एस्थर बोलायची थांबली. डोळे उघडे.

ओढ चालूच.

सहा.

सहा वाजून दहा मिनिटांनी पिवळा दिवा फिरताना दिसला. रस्ता साफ करणारी गाडी. ओढ थांबली. गाडीवाल्याला पहार घालून दार उघडावं लागलं. म्हणाला, वेल्ड केल्यासारखं गोठलंय, ही फट राहिली तरी कशी? ले-बायमध्ये दुसरं वाहन नव्हतं. त्याने दोघांना ब्लँकेटात गुंडाळलं आणि हॉस्पिटलला नेलं.

एस्थर वाचली. सुंता त्यांच्याविना झाली.

पण हॉस्पिटलात नर्सने तिचं ब्लँकेट सोडलं तेव्हा जोसेफ समोर होता. आमच्या ह्यांना हे त्याने स्वतः सांगितलं. जोसेफने धरून ठेवलेला तिचा उजवा हात काळानिळा पडला होता. पुढे त्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

डावा हात. अडीच तास बाहेर, उणे दहात.

त्या हातावर हातमोजा होता. करड्या लोकरीचा, घरी विणलेला. एस्थरचा नव्हे. घरातल्या कुणाचाच नव्हे.

नर्सने तो हळूच ओढून काढला. आतला हात गुलाबी होता. आणि गरम. कोपरापर्यंत.