गडग्यापलीकडच्या कोंबड्या

आचऱ्याच्या खाडीवर मथुरा होडीत चढली, तेव्हा तिच्या नेहमीच्या जागेवर एक टोपली बसली होती. टोपलीशेजारी खाकी शर्टातला एक तरुण. आणि आतून असा चिवचिवाट, की तारी वल्हं मारायचं सोडून मान वळवून बघत होता.

"टोपली उचला," मथुरा म्हणाली.

"उचलतो. पण... ऊन लागतंय हो त्यांना. तुम्ही इथंच उभ्या राहिलात तर सावली होईल."

"माझी सावली सरकारी नाय."

असं म्हणाली खरी, पण वाकून तिनं आत पाहिलं. हळदीत लोळवून काढल्यासारखी बारा पिल्लं. चोची उघड्या, डोळे मिटू मिटू झालेले. तिनं मुकाट्यानं पदर टोपलीवर धरला.

त्याचं नाव गुरुदास. गाव धामापूर, काम तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात लस टोचण्याचं. त्रेसष्ट साल होतं ते. विलायती जातीच्या पांढऱ्या कोंबड्या गावोगाव वाटायच्या, असं वरून ठरलं होतं. पण ज्या घरानं पिल्लं मागितली होती, त्या घरच्या म्हातारीनं ऐनवेळी मोडता घातला. पांढरी कोंबडी म्हणे अपशकुनी. आता तो टोपली परत घेऊन चालला होता.

"परत व्हरून काय करतलास?"

"लिहून देईन. घ्यायला कुणी तयार नाही म्हणून."

"माका द्या."

गुरुदासनं तिच्याकडं नीट बघितलं. "पाळल्यात कधी कोंबड्या?"

"नाय."

"मग?"

"तुमी काय लस टोचूक आवशीच्या पोटातून शिकान इल्यात?"

तारी खो खो हसला. गुरुदासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या... आणि होडी काठाला लागली तेव्हा टोपली मथुराच्या डोक्यावर होती.

घरी खरी अडचण होती ती दाजींची. मथुराचे वडील दाजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून दहा वर्षं त्यांच्या घरात मासळीसुद्धा आली नव्हती. टोपली पाहून ते एवढंच म्हणाले, "गडग्याच्या आत कोंबडीचा पीससुद्धा दिसता नये."

"बरां," मथुरा म्हणाली. आणि घराभोवतीच्या त्या दगडी गडग्याच्या पलीकडं, काजूच्या झाडाखाली, तिनं दोन दिवस राबून कामट्यांचं खुराडं उभं केलं. झावळांनी शाकारलं. ती जागा तिच्या गेलेल्या आईच्या माहेरची होती. तिथं दाजींचा हक्क चालत नव्हता.

"मुंबयसून तुका बघूक येवचे आसत," ते शेवटी म्हणाले. "ते काय म्हणतले?"

"कोंबड्यांवांगडा बघूदेत, एकदमच."

त्या दिवसापासून दाजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढलं की जेवायचे आणि उठायचे. मथुराला रडू यायचं. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरले असं ती स्वतःलाच सांगायची.

पाळणं सोपं नव्हतंच. पहिल्याच आठवड्यात एक पिल्लू पाण्याच्या ताटलीत बुडून मेलं. दुसरं भरदुपारी मुंगसानं नेलं. गुरुदास लस टोचायला आला, तेव्हा ती खुराड्याशी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"माझ्यान होवचा नाय ह्या," ती म्हणाली. "हसा तुमी. हसलास तरी चलात."

तो हसला नाही. तिथलेच चार गोटे उचलून त्यानं पाण्याच्या ताटलीत टाकले. "आता चोच बुडेल, पिल्लू बुडणार नाही." मग कामट्यांमधल्या फटींवर बोट फिरवत म्हणाला, "या जरा बुजवा. आणि... माझ्या हातून पहिल्या वर्षी वीस मेली होती. कुणाला सांगितलं नाही अजून."

"माका कित्या सांगतास?"

"माहीत नाही," तो म्हणाला आणि घाईघाईनं सायकलकडं वळला.

वैशाखात मुंबईची मंडळी आली. मथुरा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, ती खांद्यावर बसलेलं कोंबडीचं पोर विसरूनच... की न विसरता, कोण जाणे. पोरानं पाहुण्याच्या धोतरावर जे करायचं ते केलं. मंडळी दुपारच्या गाडीनं परत गेली.

श्रावणात पहिलं अंडं आलं. उचलायला गेली तर बोटाखाली दबलं. कवच नव्हतंच, नुसती साय. तिनं तळहातावर धरून ते गुरुदासला दाखवलं.

"चुना कमी पडतोय," तो म्हणाला. "शिंपले कुटून घाला."

खाडीवरचे तिसऱ्या मासळीचे शिंपले तिनं आणले आणि दोघं खुराड्याच्या झावळांखाली जुन्या पाट्यावर कुटायला बसले. एकाच वरवंट्याला दोघांचे हात. बाहेर पागोळ्या गळत होत्या, झावळांवर पाणी टपटपत होतं. बारीक पांढरी पूड तिच्या बोटांना लागली, त्याच्याही लागली.

"साहेब," ती वर न बघता म्हणाली, "ही कामा पण सरकारान तुमका दिलीहत?"

"नाही. आज माझी सुट्टी आहे."

"मगे?"

"मग... शिंपले नीट कुटले जातात की नाही ते बघायला आलो."

"बघा तर," मथुरा म्हणाली आणि तिनं डोळे वर केले. बराच वेळ कुणाचाच हात हलला नाही.

कार्तिकात गावात मर आली. घराघरांतल्या कोंबड्या माना टाकू लागल्या. काशीबाईच्या सोळा होत्या, चार उरल्या. मथुराच्या मात्र दहाच्या दहा जिवंत. तेवढं पुरे झालं. विलायती कोंबड्यांनीच मर आणली, असं सगळीकडं झालं. आणि गजाल, ती गावभरची कुजबूज, तिथं थांबली नाही. त्या लस टोचणाऱ्याचं नि मथुराचं... इथं आवाज खाली जायचे.

देवळासमोर गाव जमलं. खबर लागून गुरुदास बर्फाच्या डब्यात लस घेऊन आला होता. त्यानं समजावून सांगितलं, की आजारी कोंबड्या वाचणार नाहीत, पण धडधाकट उरल्यात त्यांना टोचलं तर वाचतील. कुणी जागचं हललं नाही.

गावचे मानकरी धोंडू गावकर पुढं झाले. "लस कितीदा टोचूची लागता?"

"दोनदा."

"आणि दाजींच्या घराकडे तू कितीदा इलंस?"

"कोंबड्यांची... म्हणजे वेळोवेळी पाहणी..."

बायकांत खसखस पिकली. मथुरा उठून उभी राहिली.

"एकवीसदा इलो," ती म्हणाली. "लस दोनदा टोचल्यान. बाकीच्या येळाक तो माका बघूक इलो. आणि मी वाट बघतहंय. ह्यात लपवण्यासारख्या काय आसा? कोंबड्या माझ्या, वाट माझी. आता तुमच्या कोंबड्या वाचवच्या की आमची गजाल करूची, तां तुमी ठरवा."

धोंडू गावकरांनी गर्दीच्या मागं पाहिलं. "दाजी, तुमचो काय शब्द?"

दाजी पाराला टेकून उभे होते. नऊ महिन्यांत मुलीशी एक शब्द न बोललेला माणूस. गळ्यातली माळ त्यांनी दोन बोटांत धरली.

"माझा चेडू खोटा बोलणा नाय," ते म्हणाले. "तां सांगता एकवीसदा, तर एकवीसदाच इलो असतलो." मग थांबून म्हणाले, "माणूस बरो दिसता."

मथुराला त्यांच्याकडं बघवेना. आता चुलीच्या धुराचं निमित्तही नव्हतं.

गर्दीतून काशीबाई आपली तांबडी कोंबडी बगलेत मारून पुढं आली. "टोच रे बाबा. ह्येंच्या गजालींनी ही मरात माझी."

तिच्यामागं दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता पारापर्यंत रांग लागली. मथुरा कोंबडी धरायची, पंख उचलायची, गुरुदास सुई टोचायचा. दहाबारा कोंबड्या झाल्यावर ती म्हणाली, "सुई माझ्याकडे दी. तू धर. तू रोज खंय गावतलस आमका? माका शिकाक व्हया."

त्यानं दिली. पहिल्यांदा सुई तिरकी गेली, दुसऱ्यांदा सरळ. तिसऱ्या कोंबडीचा पंख उचलून धरता धरता गुरुदास तिच्या कानाशी पुटपुटला, "मला एक विचारायचं होतं... म्हणजे, आपली हरकत नसेल तर..."

"दफ्तरातला बोलणा नको. आणि जोरान विचार. सगळ्यांका ऐकाक येवंदे."

गुरुदासनं रांगेकडं पाहिलं. पाराकडं, दाजींकडं पाहिलं. फडफडणारी कोंबडी छातीशी घट्ट धरली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं विचारलं, "मथुरा, लगीन करशीत माझ्याशी?"

मथुरानं सुई नेमकी टोचली, हळूच बाहेर काढली आणि तिथं बोटानं चोळलं.

"करीन," ती म्हणाली. "फुडली कोंबडी हाडा गो."