आजोबा उलटे झोपलेत

तालमीच्या खोलीत शिरले, तर माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. वर आपली भिजलेली छत्री माझ्या चेलोच्या पेटीला टेकवून ठेवलेली. माझं डोकंच फिरलं.

"खुर्ची माझी आहे," मी म्हटलं.

तो दचकून उठला. तोच तो... नवा संगीतकार, आमच्या गावच्या डोंगराविषयी वाद्यवृंदासाठी रचना करणारा. डोळे जागरणानं लाल, तरी हसरे. चिडायचं राहूनच गेलं.

"काल संचालक म्हणाले, यात डोंगर दिसतच नाही," तो म्हणाला. "आज शेवटची संधी. नाही जमलं तर रचना रद्द, आणि मी परत घरी."

मी त्याच्या हातातला रचनेचा कागद ओढून घेतला. डोंगराची कड जशी चढते-उतरते, तसेच त्यानं सूर चढवले-उतरवले होते. मी चेलोवर वाजवून पाहिलं, आणि हसू आवरेना.

"डोंगर पोखरून उंदीर निघाला का?" त्यानं पडेल आवाजात विचारलं.

"नाही हो. आजोबा उलटे झोपलेत."

गावात सगळे त्या डोंगराला आजोबाच म्हणतात. उताणा झोपलेला म्हातारा दिसतो तो — आधी नाक, मग पोट, मग लांबलचक पाय. याच्या सुरांत पाय आधी.

"माझ्या खिडकीतून पायच आधी दिसतात," तो हट्टानं म्हणाला.

"राहता कुठे?"

"डोंगरापलीकडे."

म्हणजे दोघं एकाच डोंगराकडे बघत वाढलो, आणि मध्ये तोच आडवा. मला काय वाटलं कोण जाणे, मी ती चाल शेवटच्या सुरापासून उलटी वाजवायला घेतली. त्यानं पियानोवर सुलटी धरली. अगदी मधोमध, पोटावर, दोघांचा सूर एकच आला... त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा गज पुढे सरकेना.

"आता दिसला," दारातून संचालक म्हणाले, आणि चष्मा पुसत निघून गेले.

तो कागद गोळा करू लागला. फारच सावकाश.

"उद्या तुमच्या गच्चीवर येऊ? तुमच्या बाजूचे आजोबा बघायला?"

"कशाला? दुरून डोंगर साजरे."

"डोंगराचं नाही म्हणत मी—" तो अडखळला. "तू आवडतेस मला. जवळूनच."

मग मलाही 'तुम्ही' म्हणवेना. मी त्याची छत्री उचलली.

"चल, उद्या कशाला? पाऊस थांबलाय. आजोबा उठायच्या आत पोचू."